तुमचे प्रश्न: शहर वाढतं की वाढवलं जातं?

गेल्या अंकात शहरं कशी वाढतात, कोण वाढवतं यावर प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं आणि पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतके प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे सारखे होते ते एकत्र केलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून कुणाचंच छापत नाही, फक्त गाव देते.

प्रश्न: ताई, मी समाजशास्त्रात एमए करतोय. पेपरला शिकागो स्कूल, लफेव्र, कास्टेल्स, हार्वी असं सगळं आहे. नोट्स पाठ झाल्यात पण खरं सांगू का, यातलं कोण कुणाशी कशावरून भांडतंय हेच कळत नाही. सोप्या भाषेत सांगाल? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: नोट्स जरा बाजूला ठेव. या सगळ्यांचं भांडण मुळात एकाच गोष्टीवर आहे, शहर आपोआप वाढतं का कुणीतरी ते वाढवतं. हे धरून बसलास की कोण कुठल्या बाजूला ते आपसूक कळतं.

शिकागो स्कूल म्हणजे शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ, त्यांची बाजू शहर आपोआप वाढतं ही. तेव्हाचं शिकागो कसं होतं ते आधी बघ. 1840 मध्ये साडेचार हजार वस्तीचं गाव, आणि 1930 ला 33 लाखांच्या पुढे. युरोपातून माणसं येतायत, अमेरिकेच्या दक्षिणेतून काळी माणसं येतायत, कत्तलखाने, रेल्वे, धूर. रॉबर्ट पार्क हे आधी पत्रकार होते, त्यामुळे त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रस्त्यावर पाठवलं, हे मला फार मोठं काम वाटतं. त्यांचे सहकारी अर्नेस्ट बर्जेस यांनी 1925 मध्ये ती प्रसिद्ध वर्तुळं काढली, एकात एक. मध्ये बाजार आणि ऑफिसं, त्याच्या भोवती पडकी घरं जिथे नवीन आलेला माणूस उतरतो, मग कामगार, मग बरी वस्ती, आणि सगळ्यात बाहेर रोज ये-जा करणारे. या सगळ्याला त्यांनी शब्द वापरले ते वनस्पतीशास्त्रातले, म्हणजे आधी गवत येतं मग झुडपं मग मोठी झाडं, तसा एक समाज येतो, आधीचा सरकतो, आणि हे निसर्गाने चाललंय असं त्यात गृहीत धरलंय.

पण त्याच शिकागोत घरांच्या खरेदीखतात अट असायची की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. शेजारी शेजारी मिळून तसे करार करायचे, आणि कोर्टांनी असे करार अंमलात आणू नयेत असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते 1948 मध्ये. मग ती वर्तुळं आपोआप पडली असं कसं म्हणायचं? पुढची गोष्ट तर फारच वाईट. शिकागो विद्यापीठातच शिकलेले होमर हॉइट यांनी 1933 मध्ये तिथल्या जमिनीच्या किमतींवर अभ्यास केला, त्यात कुठला वंश आला की किंमत किती पडते अशी उतरंडच लावली, आणि लगेच नंतर ते सरकारच्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेले जिथून घरकर्जाची हमी मिळायची. म्हणजे जे "असं होतं" म्हणून पुस्तकात लिहिलं ते "असंच करा" म्हणून बँकांच्या हातात पडलं. त्याच दशकात सरकारच्याच दुसऱ्या एका संस्थेने शहरांचे नकाशे करून काळ्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, त्यावरून रेडलायनिंग हा शब्द आला. वस्तीला कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत पडते, आणि किंमत पडली की म्हणायचं बघा आम्ही म्हणत होतो ना. परीक्षेत हे एवढं नीट लिहिलंस तरी बास.

आता दुसरी बाजू, शहर कुणीतरी वाढवतं म्हणणारी. तिची सुरुवात 1845 मध्ये मार्क्सचा सहकारी एंगल्स याने मँचेस्टरबद्दल लिहिलं तिथून धर. त्याचं एक निरीक्षण मला कधीही विसरता आलं नाही. गिरणीमालक रोज बाहेरच्या बंगल्यातून शहराच्या मध्यात जातो येतो तर त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानांची सलग रांग आहे, आणि त्या दुकानांच्या मागे कामगारांच्या वस्त्या, त्यामुळे मालक आयुष्यभर ये-जा करेल पण त्याला ती घाण, ती माणसं कधी दिसणारच नाहीत. आपल्या गावातला मेन रोड डोळ्यासमोर आण, आणि त्याच्या मागची गल्ली.

लफेव्र फ्रान्सचे तत्त्वज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ. 1950 च्या दशकात त्यांच्या घरच्या भागात मूरँक्स नावाचं नवंकोरं गाव उभं राहिलं, गॅसच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी, स्वच्छ, सरळ, सगळ्या सोयी, आणि तरी तिथे फिरताना त्यांना जाणवलं की राहणाऱ्यांच्या हाताला त्यात काहीच काम ठेवलेलं नाही, सगळं आधीच ठरलंय. त्यातून 1968 मध्ये "शहरावरचा हक्क" ही कल्पना आली. त्याचा अर्थ नुसतं घर मिळण्याचा हक्क असा लावू नकोस, बरेच जण लावतात. जे शहर आपण रोज राबून घडवतो ते कसं असावं हे ठरवण्याचा हक्क. शहर राहायला आहे का विकायला, वापरमूल्य मोठं का विनिमयमूल्य, हा त्यांचा वाद.

कास्टेल्स हे तेव्हा पॅरिसमध्ये शिकवणारे समाजशास्त्रज्ञ, त्यांनी 1972 मध्ये विचारलं की शहरातली भांडणं नेमकी कशावर होतात. कारखान्यात पगारावर होतात, पण वस्तीत पाण्यावर, बसवर, शाळेवर, दवाखान्यावर, कारण या गोष्टी एकट्याने विकत घेता येत नाहीत, सगळ्यांना मिळूनच लागतात आणि त्या पुरवायला सरकार लागतं. हे समजायला फ्रान्सला जायची गरज नाही, गोरेगावात मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई का म्हणायचे ते आठव. हार्वीचं पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न: माझे वडील गिरणीत साच्यावर होते, 82 च्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत. आता तिथे टॉवर आणि मॉल आहे, मी त्याच्या समोरून रोज जातो. हे फक्त आपल्याकडे झालं का जगात सगळीकडे असंच होतं? (वाचक, लालबाग)

उत्तर: दादा, जगात बऱ्याच ठिकाणी झालं, पण होणारच होतं असं मात्र नाही.

डेव्हिड हार्वी हे मूळचे इंग्लंडचे भूगोलाचे अभ्यासक, त्यांचं म्हणणं साधारण असं. धंद्यात नफा साठत जातो आणि तो परत कुठेतरी गुंतवावा लागतो. कारखान्यात गुंतवून फायदा दिसेना की पैसा जमिनीत, रस्त्यात, इमारतीत घुसतो, आणि त्यासाठी जुनं शहर पाडून नवं करावं लागतं. त्यांचं आवडतं उदाहरण पॅरिस. 1848 मध्ये तिथे मंदी, बेकारी आणि क्रांती, तिन्ही एकदम आलं. मग तिसऱ्या नेपोलियनने 1853 मध्ये ओस्मान या अधिकाऱ्याच्या हाती शहर दिलं आणि पुढची 17 वर्षं कर्ज काढकाढून त्याने जुन्या दाट वस्त्यांमधून रुंद सरळ रस्ते काढले, गटारं बांधली, बागा केल्या. लोकांना काम मिळालं, भांडवलाला जागा मिळाली, आणि लष्कराला बॅरिकेड फोडायला सरळ रस्ते मिळाले. गटारं आणि पाणी खरंच चांगलं काम होतं, ते नाकारायचं नाही. पण भाडी वाढली, कामगार बेलव्हिलसारख्या कडेच्या भागात ढकलले गेले, आणि 1871 च्या पॅरिस कम्यूनमध्ये तीच माणसं शहर परत घ्यायला उतरली. एंगल्सने 1872 मध्ये यालाच ओस्मानची पद्धत म्हटलं. त्याचा मुद्दा असा की घाणेरडी वस्ती एका जागेवरून हलते आणि दुसऱ्या जागेवर परत उभी राहते, कारण जी गरिबी ती तयार करते ती तशीच राहते.

लंडनमध्ये 1964 साली रूथ ग्लास यांनी यातल्याच एका प्रकाराला जेंट्रिफिकेशन हे नाव दिलं, कामगारांच्या गल्लीत एकेक घर पैसेवाला घेतो, दुरुस्त करतो, आणि काही वर्षांत गल्लीच बदलते.

आता गिरणगाव. सगळ्या गिरण्या मिळून साधारण 600 एकर जमीन, मुंबईच्या मधोमध. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 नंबरचा नियम आला की गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर ढोबळ मानाने तीन वाटे करा, एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, आणि एक मालकाला. हे लक्षात ठेवा, हे कागदावर होतं, कायद्यात होतं. मालक जमीन धरून बसले, आणि 2001 मध्ये नियम बदलला. बदल असा की वाटे करायचे ते संपूर्ण जमिनीचे नाही, जिथे बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जागेचे. गिरणी म्हणजे शेडच शेड, मोकळी जागा असते किती? एका शब्दाच्या अर्थात शहराची मैदानं आणि हजारो घरं गेली. लोक कोर्टात गेले, हायकोर्टात जिंकले, पण 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने बदललेला नियमच कायम ठेवला.

म्हणून मी म्हणते होणारच होतं असं नाही. गिरण्या बंद पडणं हे मँचेस्टरमध्येही झालं, अहमदाबादेतही झालं, कापडधंद्याचं गणितच फिरलं होतं. पण त्या जमिनीचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एका दुरुस्तीत लिहिलं गेलं जी वाचायला तुमच्या वडिलांना कुणी दिली नव्हती. त्या जमिनीला किंमत आली ती कशाने? शंभर वर्षं लाखो माणसं तिथे राबली, लोकल आली, पाणी आलं, बाजार उभा राहिला, केईएमसारखं हॉस्पिटल उभं राहिलं. ही किंमत सगळ्यांनी मिळून तयार केली आणि सातबारावर नाव असणाऱ्याने नेली. जगभरच्या शहरांच्या राजकारणाचा गाभा मला विचाराल तर हाच आहे, आणि पुढचं उत्तर त्यासाठीच सविस्तर देतेय.

प्रश्न: आमची मुलगी व्हिएन्नाला शिकायला आहे. ती सांगते तिथे अर्धं शहर सरकारी नाहीतर स्वस्त भाड्याच्या घरात राहतं आणि ती घरं चांगली असतात. आमचा विश्वासच बसत नाही, सरकारी घर म्हटलं की गळकी गच्ची डोळ्यासमोर येते. हे खरं आहे का आणि त्यांना कसं जमलं? (एक आई, नाशिक)

उत्तर: खरं आहे वहिनी. आणि लेकीला सांगा की चालताना भिंतीवर बघत जा, जुन्या इमारतींवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही वसाहत व्हिएन्ना नगरपालिकेने अमुक साली बांधली. बिल्डरचं नाव असतं ना आपल्याकडे गेटवर, तिथे नगरपालिकेचं असतं.

पण आधी ते शहर कसं होतं ते ऐका म्हणजे कळेल. पहिल्या महायुद्धाआधीचं व्हिएन्ना हे युरोपातल्या सगळ्यात वाईट घरांच्या शहरांपैकी एक होतं. एका खोलीत कुटुंब, पाणी बाहेर पॅसेजमध्ये, संडास सामायिक, आणि भाडं परवडत नाही म्हणून तेच कुटुंब आणखी एका परक्या कामगाराला नुसती खाट भाड्याने द्यायचं, तो रात्रपाळी करून दिवसा झोपायचा आणि रात्री त्याच खाटेवर दुसरा. अशा माणसांना तिथे बेटगेअर म्हणायचे. गिरणगावातल्या गाळ्यांमध्ये पाळीपाळीने झोपणारी कोकणातली, घाटावरची माणसं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

युद्ध संपलं, साम्राज्य मोडलं, 1919 मध्ये नगरपालिकेत सोशल डेमोक्रॅट निवडून आले. त्यांना जमलं त्यामागे तीन गोष्टी एकत्र आल्या. एक, युद्धाच्या काळातच भाडी गोठवली होती, त्यामुळे घर बांधून भाड्याने देण्यात खासगी माणसाला काही उरलं नाही, जमिनीच्या किमती कोसळल्या आणि नगरपालिकेने त्या भावात भराभर जमीन घेतली. दुसरं, 1922 पासून व्हिएन्ना हे स्वतंत्र राज्य झालं म्हणजे कर लावायचा अधिकार त्यांच्याच हातात आला. आणि तिसरं, 1923 मध्ये नगरपालिकेचा अर्थकारभार बघणारे ह्यूगो ब्राइटनर यांनी खास घरबांधणीचा कर लावला, तोही चढता, म्हणजे कामगाराच्या खोलीला नाममात्र आणि मोठ्या वाड्यांना जबर. चैनीच्या वस्तूंवर वेगळे कर होतेच. या पैशातून 1934 पर्यंत 60 हजारांवर घरं बांधली.

त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ल मार्क्स होफ, 1930 चं. एक किलोमीटरहून लांब इमारत, 1,382 घरं. पण लांबी बघून फसू नका, त्या जमिनीचा पाचवा हिस्साही बांधकामाखाली नाही, बाकी सगळी अंगणं आणि झाडं. घरं लहान होती, 40-50 चौरस मीटरची, पण प्रत्येकाला आत पाणी, आत संडास, खिडकीतून ऊन. आणि खाली धुण्याची सामायिक जागा, यंत्रांसकट, बालवाडी, वाचनालय, दवाखाना. धुण्याच्या जागेचं मी मुद्दाम सांगतेय. आमच्या चाळीत नळाला पहाटे चारला पाणी यायचं आणि माझी आई बादल्यांची रांग लावून मग कपडे घेऊन बसायची, तिचे दोन्ही तळवे कायम फुटलेले असायचे. 1930 मध्ये कुणीतरी बाईच्या हातांचा विचार करून इमारतीचा नकाशा काढला हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

हे सगळं शांतपणे झालं असं समजू नका. 1934 च्या फेब्रुवारीत हुकूमशाही सरकारच्या सैन्याने याच कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या, आणि 1938 ला नाझी आले तेव्हा नगरपालिकेच्या घरांमधून ज्यू भाडेकरूंना बाहेर काढलं गेलं. सरकारी घर आहे म्हणून माणूस सुरक्षित असं नसतं, सरकार कुणाचं आहे त्यावर असतं. युद्धानंतर मात्र परत बांधणी सुरू झाली आणि कित्येक दशकं चालली. आज नगरपालिकेची सव्वादोन लाखांच्या आसपास घरं आहेत आणि मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या सोसायट्यांची जवळपास तेवढीच. उत्पन्नाची मर्यादा बरीच वर ठेवलीय, त्यामुळे शिक्षक, नर्स, बसचालक, क्लार्क सगळे एकाच जिन्यात राहतात आणि देखभाल नीट होत नसेल तर तक्रार करणारा आवाज मोठा असतो. तुमच्या गळक्या गच्चीचं उत्तर मला वाटतं इथे आहे. फक्त गरिबांसाठी म्हणून जे बांधतात त्याची गच्ची गळतेच, कारण ज्यांचं ऐकलं जातं ती माणसं तिथे राहतच नसतात.

त्रुटीही आहे, नवीन आलेल्या माणसाला हे घर लगेच मिळत नाही, आधी ठराविक काळ शहरात राहिल्याची नोंद लागते, त्यामुळे नुकतेच आलेले स्थलांतरित खासगी घरमालकांच्या हाती सापडतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी ती घरं विकली नाहीत. ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला, विकली त्या मानाने नवीन फारशी बांधली नाहीत, आणि आज प्रतीक्षायादी मोठी. बर्लिनचं तर फारच जिव्हारी लागणारं आहे. 2004 मध्ये तिजोरी रिकामी होती म्हणून शहराने आपल्या एका गृहसंस्थेची 65 हजार घरं 40.5 कोटी युरोला विकली, संस्थेवरचं कर्ज घेणाऱ्याच्या माथी होतं ते धरलं तरी भाव कवडीमोल. मग भाडी भडकली, 2021 च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या घरकंपन्यांची घरं शहराने ताब्यात घ्यावीत का यावर जनमत झालं आणि साधारण 59 टक्के लोकांनी हो म्हटलं, पण ते मत सरकारवर बंधनकारक नव्हतं. त्याच महिन्यात बर्लिनने 14,750 घरं परत विकत घेतली, 246 कोटी युरोला. सगळी तीच घरं नव्हेत, पण दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

प्रश्न: कंपनीच्या कामाने चीनमध्ये शेनझेनला जाऊन आलो. चकाचक शहर, एक झोपडी नाही दिसली. आपल्याकडे मतांच्या राजकारणामुळे झोपड्या वाढतात, तिथे ते नाही म्हणून जमलं असं मला वाटतं. चूक आहे का? (इंजिनीअर, चिंचवड)

उत्तर: अर्धं बरोबर आहे, पण झोपडी दिसली नाही याचा अर्थ गरीब कामगार नाही असा होत नाही, तो कुठे ठेवलाय ते बघायला लागेल.

चीनमध्ये 1958 पासून हुकोऊ नावाची नोंदणी आहे, प्रत्येक माणूस एका गावाचा किंवा शहराचा. आता काम करायला तुम्ही कुठेही जाऊ शकता पण मुलाची सरकारी शाळा, दवाखान्याच्या सवलती, घराच्या योजना या मोठ्या शहरांत अजून बऱ्याच प्रमाणात हुकोऊला बांधलेल्या आहेत. शेनझेनची वस्ती 2020 च्या जनगणनेत 1 कोटी 75 लाख होती आणि त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांकडे तिथला हुकोऊ. बाकीच्यांची मुलं कितीतरी ठिकाणी गावी आजी-आजोबांकडे वाढतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं गावी राहतात ते आपण बीडकडे बघतो, तसंच पण फार मोठ्या प्रमाणात, आणि नियमाने घडवलेलं.

राहतात कुठे? शहरातल्या गावांमध्ये. 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं तेव्हा तिथे भातशेतीची आणि मासेमारीची खेडी होती. सरकारने शेतं घेतली पण गावठाण गावकऱ्यांकडेच राहिलं, मग गावकऱ्यांनी त्यावर सहा-सात-आठ मजले चढवले आणि कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या. दोन इमारतींत इतकी कमी जागा की समोरच्या खिडकीतल्या माणसाशी हात मिळवता येईल, म्हणून त्यांना हस्तांदोलन इमारती म्हणतात. तुम्ही हिंजवडी, वाकडकडे मूळ गावकऱ्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या बघितल्या असतील, प्रकार तोच. शहर चालतंय ते या खोल्यांच्या जिवावर. आणि आता त्याच पाडतायत, बायशिझोऊ नावाच्या अशा एका गावात दीड लाखाच्या आसपास माणसं राहायची, 2019 पासून ते रिकामं केलं गेलं. भरपाई गावकऱ्यांना मिळाली, भाडेकरूंचा काही हक्कच नव्हता. बीजिंगमध्ये 2017 च्या नोव्हेंबरात एका वस्तीत आग लागून 19 माणसं गेली आणि त्यानंतर सुरक्षिततेच्या नावाखाली ऐन थंडीत हजारो कामगारांना काही दिवसांत घरं सोडायला लावली.

पैशाचं गणितही बघा. शहराची जमीन सरकारची, गावची जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. 1994 च्या कररचनेनंतर कराचा मोठा वाटा केंद्राकडे गेला आणि खर्च स्थानिक सरकारांकडे राहिला. मग त्यांनी शेतकऱ्याकडून शेतीच्या भावाने जमीन घ्यायची आणि बिल्डरला शहराच्या भावाने वापरहक्क विकायचा हा रस्ता धरला. मेट्रो, पूल, बागा यातूनच आल्या. ग्वांगडाँगमधल्या वुकान गावाने 2011 मध्ये जमिनीवरूनच बंड केलं होतं. आणि 2021 मध्ये एव्हरग्रांदसारखी महाकाय बिल्डर कंपनी कर्ज फेडू शकली नाही तेव्हा कळलं की नवीन जमीन विकली गेली नाही तर हे चाक फिरत नाही.

मतांचं म्हणाल तर मी उलट बाजूने बघते. आपल्याकडे घटनेच्या 19 व्या कलमाने माणूस देशात कुठेही जाऊन राहू शकतो, आणि झोपडीतल्या माणसाकडे मत आहे म्हणून नगरसेवक त्याच्या दारात नळ घेऊन तरी येतो. तो नळ पुरेसा नाही हे मान्य, पण बीजिंगच्या त्या कामगाराला थंडीत कुणाचं दार वाजवायचं तेच माहीत नव्हतं.

प्रश्न: रस्तारुंदीत आमचं घर जाणार आहे. नोटीस आली, मोजणी झाली, कुणी घरात येऊन विचारलं नाही. विकासाला विरोध नाही पण दुसरा काही मार्गच नसतो का? (गृहिणी, एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून)

उत्तर: ताई, मार्ग असतो, आणि शंभर वर्षांपूर्वी मराठी संस्थानातच तो करून बघितला गेलाय. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्रज्ञ, 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्याआधी होळकरांच्या इंदूरला प्लेग होता म्हणून त्यांना बोलावलं आणि 1918 मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. तेव्हाचे इंजिनीअर प्लेग म्हटलं की वस्ती फोडून सरळ रस्ता काढायचे. गेडीस गल्लीबोळात चालत फिरायचे, कुठली भिंत पडलीय, कुठे विहीर आहे, कुठे पिंपळाचा पार, हे टिपायचे आणि म्हणायचे की ही एक पडकी खोली काढा, तो कोपरा मोकळा करा, झाड लावा, हवा खेळेल, सगळी वस्ती पाडायची गरज नाही. त्यांनी याला जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटलं, आणि त्यात खर्चही फार कमी. इंदूरमध्ये दिवाळीची मिरवणूक कुठून जाणार तर जिथे लोकांनी घरं सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील त्या रस्त्याने, असं त्यांनी जाहीर केलं. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर केला होता, आणि सफाई कामगार पांढरे स्वच्छ कपडे घालून मानाने चालले.

दुसरं उदाहरण ब्राझीलचं. तिथे 1988 च्या घटनेत वस्त्यांच्या चळवळींनी रेटून दोन कलमं घालून घेतली, मालमत्तेला सामाजिक काम आहे हे तत्त्व, आणि खासगी जमिनीवर 250 चौरस मीटरपर्यंतच्या जागेत कुणी पाच वर्षं सलग, हरकतीशिवाय, राहण्यासाठी वापर केला आणि दुसरं घर नसेल तर ती जागा त्याच्या नावावर होऊ शकते. 2001 मध्ये त्यावर शहरांचा कायदा आला. नुसती अडवून ठेवलेली मोकळी जमीन असेल तर दरवर्षी वाढता कर लावायची तरतूद आहे. साओ पाउलोमध्ये जादा बांधकामाचा हक्क बिल्डरला पैसे मोजून घ्यावा लागतो, आपल्या प्रीमियम एफएसआयसारखंच. तरी 2016 च्या ऑलिम्पिकआधी रिओतली व्हिला ऑतोद्रोमो ही वस्ती जवळपास पूर्ण पाडली, शेकडो कुटुंबं गेली. वीस कुटुंबं मात्र हलली नाहीत, विद्यापीठातल्या लोकांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःचा पर्यायी आराखडा तयार केला होता, आणि शेवटी त्यांना तिथेच घरं बांधून द्यावी लागली.

तुमच्यासाठी एवढंच, आपल्याकडे 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात सुप्रीम कोर्टाने फुटपाथवर राहणाऱ्यांना सुद्धा ऐकून घेतल्याशिवाय हलवू नये हे तत्त्व मानलं, तुमची तर स्वतःची मिळकत आहे. विकास आराखड्यातली तुमच्या भागाची शीट आणि मोजणीचा नकाशा मागून घ्या, लेखी हरकत द्या, पोचपावती घ्या, सुनावणी मागा. आणि एकट्या जाऊ नका, गल्लीतली सगळी घरं मिळून जा.

प्रश्न: आमच्या गावात शेती नावाला राहिली, गावकऱ्यांपेक्षा भाडेकरू कामगार जास्त, चार मजली इमारती झाल्या. पण आहे ग्रामपंचायतच. आम्ही गाव का शहर? (ग्रामपंचायत सदस्य, चाकण परिसर)

उत्तर: कुणाला विचारता त्यावर आहे. डेन्मार्कमध्ये 200 माणसांची सलग वस्ती शहरी धरतात, जपानमध्ये शहराचा दर्जा मिळायला साधारण 50 हजार लागतात. म्हणून 2018 मध्ये निम्म्याहून जास्त जग, 55 टक्के, शहरात राहतं असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं तेव्हा त्या आकड्यात प्रत्येक देशाची आपापली व्याख्या होती. आपल्याकडे जनगणनेत तीन कसोट्या आहेत, वस्ती किमान 5 हजार, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. बाईचं काम त्यात मोजतच नाहीत, हे मला खटकतं. या कसोट्यांत बसणारी पण नगरपालिका नसलेली गावं म्हणजे सेन्सस टाऊन, 2001 मध्ये देशात 1,362 होती ती 2011 ला 3,894 झाली.

म्हणजे जनगणना तुम्हाला शहर म्हणेल, पण गटाराचा पैसा गावाच्याच हिशोबाने येईल. दर्जा बदलायचं ठरवतं राज्य सरकार, आणि तिथे राजकारण सुरू होतं, घरपट्टी वाढेल म्हणून गावकरी नको म्हणतात, जमिनीचा भाव वाढेल म्हणून काहींना हवं असतं, आणि भाडेकरूंना कुणी विचारत नाही. पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांचं बघा, 2017 मध्ये महापालिकेत घेतली, मिळकतकर आणि न मिळालेल्या सोयींवरून इतका असंतोष झाला की नंतर परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली.

तुम्ही सदस्य आहात तर एक करा. ग्रामसभेत गावाचा मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि त्यावर ओढा कुठून जातो, गायरान किती उरलं, शाळेला पुढे किती जागा लागेल, कचरा कुठे पडतो हे सगळ्यांसमोर खुणा करून घ्या, खोल्यांमध्ये राहणाऱ्या बिहारी, मराठवाड्यातल्या कामगारांनाही बोलवा कारण पाणी तेही पितात. गायरान आणि ओढ्याची हद्द आत्ता मोजून कागदावर आणून घ्या, जमिनीला भाव आला की सगळ्यात आधी ओढाच गायब होतो.